पुण्याला विचारून सांगतो

आमच्या कॉलेजात कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की तो आधी दुकानात जात नसे, लायब्ररीत जात असे. तिथे सर बसायचे. ते लायब्रेरियन होते, शिकवत काहीच नसत, पण त्यांना सगळे सरच म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. कॉलेज म्हणजे ग्वाल्हेरच्या बाहेर गव्हाच्या शेतांत उभं केलेलं एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथे प्रवेश विभागात होते. जून-जुलैत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे आणि उरलेलं वर्ष काम शोधून काढावं लागे. त्या उरलेल्या वर्षात मी लायब्ररीत जाऊन बसत असे, म्हणून सर मला इतके माहीत.

सरांकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता. कॉलेजने दिलेला एक जुना कॉम्प्युटर टेबलावर होता. त्यावर ते पुस्तकांच्या नोंदी करत आणि संध्याकाळी त्याच्यावर धुतलेला रुमाल पसरून घरी जात. लॅपटॉपला ते लॅपटॉप म्हणत नसत, यंत्र म्हणत. हिंदीतसुद्धा. "आपको यंत्र किस काम के लिए चाहिए?" पहिल्या वर्षाच्या पोरांनाही आप. पोरं आधी दबून हसत. मग उत्तरं द्यायला लागत, आणि मग हसायचं राहूनच जाई, कारण सरांचे प्रश्न संपत नसत.

प्रश्न बसून विचारायचे नाहीत हा त्यांचा नियम होता. ते खुर्चीवरून उठत आणि विचारायला आलेल्याला कपाटांच्या रांगांमधून फिरवत नेत. उंच, किडकिडीत, मान जराशी पुढे. अंगात दिवाळीला चढवलेला स्वेटर, जो होळी पेटल्याशिवाय उतरत नसे. खोलीत पंखा कुठे आहे? यंत्र टेबलावर ठेवणार की गादीवर? गावी वीज किती वेळ जाते? बॅग कोणत्या खांद्याला लावता? मग ते त्या पोराची बॅग खरोखर उचलून बघत आणि म्हणत, "इसमें इतना वज़न और? कंधा आपका है, सोच लीजिए."

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम असले शब्द पोरं तोंडपाठ करून आलेली असत. सर ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि सोडून देत. एकदा मला म्हणाले, "ते सगळं दुकानदार सांगतो गं. फक्त घेणारा कशाला घेतोय ते तो विचारत नाही. आधी हौस बोलते, गरज मागे उभी असते. हौसेचं बोलून झालं की गरजेला पुढे बोलवायचं."

फेरी संपली की एक ठरलेलं वाक्य यायचं. पुण्याला विचारून सांगतो, सोमवारी या.

आणि सोमवारी खरंच उत्तर तयार असे. अमुक मेमरी पुरे, तमुक कार्डाच्या नादी लागू नका, तेच पैसे चांगल्या स्क्रीनवर घाला. उत्तर इतकं नेमकं असे की लष्कर बाजारातले दुकानदारही ते ऐकून गप्प बसत. पुण्यात कोण आहे ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. कॉम्प्युटर विभागाच्या मते एखादा निवृत्त शास्त्रज्ञ असावा. आमच्या ऑफिसातला शिपाई सगळ्यांना सांगत असे, "पूना में इनके कोई गुरु हैं. बहुत पहुँचे हुए."

सरांच्या सल्ल्याच्या गोष्टी कॉलेजभर फिरत. मेकॅनिकलला एक तरुण प्राध्यापक होता, बिर्लानगरहून यायचा. नुकतंच लग्न झालं होतं. त्याला दुकानात मिळेल तो सगळ्यात ताकदवान गेमिंग लॅपटॉप हवा होता. सरांनी त्याला फिरवायला सुरुवात केली. खेळता कधी? जेवणानंतर. घरात कोण कोण? मिलच्या जुन्या क्वार्टरात दोन खोल्या. आईवडील, बहीण, बायको. कानाला हेडफोन लावला की कुणाचं काही ऐकू येत नाही, तेवढंच बरं वाटतं, असं तो बोलता बोलता बोलून गेला. सर एक अख्खी रांग नुसते चालत राहिले. मग म्हणाले, "आपको यंत्र नहीं चाहिए. आप दोनों को एक अलग कमरा चाहिए."

तो इतका भडकला की महिनाभर लायब्ररीत फिरकला नाही. पुढे त्यानं कंपू भागात, सरांच्याच गल्लीत भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. एका दुपारी बायकोला घेऊन लायब्ररी दाखवायला आला. सरांनी दोघांना तीळगुळाच्या गजकाचा एकेक तुकडा दिला. हिवाळ्यात त्यांच्या खणात गजक असायचं आणि कुणालाही एकच तुकडा मिळायचा. दुसरा मागितला तर ते खण बंद करत.

आणखी एक मुलगा होता, भिंडचा, खेळासाठी लॅपटॉप मागणारा. सरांनी विचारलं, कोणाबरोबर खेळता? शाळेतले मित्र, आता कोणी बंगळूरला, कोणी कोट्याला. खेळताना काय बोलता? मुलगा विचारात पडला. म्हणाला, खेळाचं फार नाही बोलत सर, असंच, घरचं वगैरे. सोमवारी त्याला उत्तर मिळालं: यंत्र साधंच घ्या, माइक चांगला घ्या. त्यानं तसंच केलं.

आमची ओळख भाषेवरून झाली. मी पहिल्यांदा लायब्ररीत गेले तेव्हा आईचा फोन आला आणि मी दाराशीच थांबून "अगं मी नंतर लावते फोन, आत्ता बिझी आहे" असं म्हणाले. सरांनी मान वर केली. "मराठी?" मी हो म्हटलं. "राहणं कुठे?" "शिंदे की छावणी." ते खुश झाले. "म्हणजे तुमचे लोक घोड्यावरून आले. आमचे मागून बैलगाडीत कागद घेऊन." ते दरबारातल्या कारकुनांच्या घराण्यातले. त्यांची मराठी जुनी आणि नीटनेटकी होती. माझी हिंदीत बुडवून काढलेली. मी "मला माहीतच नाही पडलं" म्हटलं की ते डोळे मिटून घेत, पण सुधारत नसत.

ते कंपूत एकटेच राहत. मुलगी लहान असतानाच बायको वारली होती. मुलीबद्दल मला सरांनी कधी काही सांगितलं नाही. जे कळलं ते आमच्या आईकडून. ग्वाल्हेरचं मराठी जग केवढंसं, एका हळदीकुंकवात मावणारं. आई म्हणाली, "अगं, तेच ते. त्यांच्या मुलीनं साखरपुडा झाल्यावर लग्न मोडलं ना. पत्रिका वाटून झाल्या होत्या. हे स्वतः मुलाच्या घरी जाऊन हात जोडून आले. मग ती गेली बाहेरगावी कुठेतरी. दोघं बोलत नाहीत म्हणतात." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सरांकडे बघून त्यांना मुलगी असेल असं वाटायचंच नाही. ते जन्मापासून लायब्ररीतच असावेत असे दिसत.

आता माझी केस. हा शब्द सरांचाच.

मी तेव्हा नोकरी सांभाळून लग्नाचे व्हिडिओ एडिट करत होते. शूटिंग दुसरे करत, मी घरी बसून कापाकापी, जोडणी, रंग, संगीत. काम वाढत चाललं होतं आणि माझा जुना लॅपटॉप मागे पडत चालला होता. शेवटी सगळे तुकडे जोडून अखंड व्हिडिओ तयार करायला मशीनला बसवावं लागतं, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. माझं मशीन रेंडरला बसलं की मी आंघोळ, स्वयंपाक, देवपूजा सगळं उरकून यायची आणि ते तिथेच धापा टाकत असायचं. एखादा दमदार लॅपटॉप मिळाला तर नोकरी सोडून हेच करावं, असं मनात होतं. घरी कुणाला बोलले नव्हते.

जानेवारीत, धुकं असताना, मी सरांना म्हटलं, "सर, मला यंत्र घ्यायचंय."

ते उठले. आम्ही फिरायला लागलो.

"कशासाठी?"

"व्हिडिओ एडिटिंग."

"आणि?"

"आणि काही नाही."

ते सिव्हिलच्या कपाटापाशी थांबले. "अगं, आणि असतंच."

मी इकडेतिकडे बघितलं. लायब्ररीत कुणी नव्हतं. "थोडं गेमिंग."

"थोडं म्हणजे?"

मग मी सांगितलं. आमची पाच जणांची टीम आहे. बाकीचे इंदूर, जयपूर, कुठले कुठले. टीममध्ये लांबून नेम धरायचं काम माझं असतं. मी माइक बंद ठेवते, म्हणून ते मला मुलगाच समजतात, भाई म्हणतात. खेळात मी चांगली आहे. सत्तावीस वर्षांची मुलगी बंदुकीचा खेळ खेळते हे आमच्या घरी सांगण्यासारखं नव्हतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले असेन.

सर अजिबात हसले नाहीत. "नेम धरणं तुमच्या घराण्यातच आहे," एवढं म्हणाले आणि पुढचं विचारलं, "टेबलाची उंची किती?"

त्या शनिवारी लायब्ररी बंद करताना ते मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे फोनला रेंज चांगली यायची. मी सोबत होते. त्यांनी फोन लावला आणि सरकारी आवाजात सुरू झाले, "हां. एक केस आहे. मुलगी, इथलीच. एडिटिंग आणि खेळ, दोन्ही. खेळ गंभीर आहे." मग ते अडखळले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, रंगाबद्दल, फाइलींबद्दल, जे त्यांना सांगता येईना. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तूच बोल. मला हे समजत नाही."

एका बाईचा आवाज आला. माझ्याहून थोडीच मोठी असावी. "नमस्कार. बाबा तिथेच उभे आहेत का?"

मला कळायला जरा वेळ लागला. बाबा.

"आहेत," मी म्हटलं.

"त्यांना थोडं लांब जायला सांग ना."

मी सरांकडे बघितलं. ते आपणहूनच पायऱ्या उतरून शेताकडे तोंड करून उभे राहिले होते.

तिनं मला भराभर प्रश्न विचारले. कोणत्या सॉफ्टवेअरवर करतेस, कॅमेरे किती असतात, ग्राहक टीव्हीवर बघतो की फोनवर. ती पुण्यात हेच काम करत होती, माहितीपट एडिट करायची. तिचं बोलणं ऐकून मला आनंद झाला, कारण इथे या कामाबद्दल माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. सगळं विचारून झाल्यावर त्याच सुरात ती म्हणाली, "त्यांचा तो दात काढला का?"

"कुणाचा?"

"बाबांचा. डाव्या बाजूचा. गेल्या वर्षी एका केसच्या वेळी बोलताना सारखे थांबत होते."

मी म्हटलं मला माहीत नाही, बघून सांगते. "सांग हं," ती म्हणाली. "आणि तुझ्या लॅपटॉपचं मी बघते. घाई करू नकोस."

सर परत आले, त्यांनी फोन घेतला. "ठीक. ठेवतो," म्हणाले आणि ठेवला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहिती चांगली आहे तिला."

घरी जाताना विक्रम टेम्पोत बसून मी हे सगळं जुळवत होते. पोरांची बॅग, गादी, पंखा, वीज. एवढे प्रश्न कशासाठी, ते आता लक्षात येत होतं. एका केसला पाचदहा मिनिटं तरी बोलायला पुरली पाहिजेत. लॅपटॉपखेरीज दुसरं काही बोलायला गेलं की भांडण होणार, हे दोघांना माहीत होतं. तेव्हा ते लॅपटॉपबद्दल बोलत. कॉलेजात एक हजार पोरं होती. केसेसना तोटा नव्हता.

पण माझ्यासारखी केस त्यांना आधी मिळाली नसावी. भिंडच्या मुलाचं उत्तर एका सोमवारात संपायचं. माझं संपेना.

फेब्रुवारीत ती म्हणाली, थांब, नवीन कार्डं येताहेत. मार्चमध्ये कार्डं आली, तर सर म्हणाले, "पुण्याला वाटतं की पहिल्या खेपेचा माल घेऊ नये." एप्रिलमध्ये सरांना एकाएकी वजनाची शंका आली. त्यांनी माझ्याकडून शब्दकोशाचे दोन खंड पिशवीत घालून लायब्ररीला फेऱ्या मारून घेतल्या आणि त्याचा वृत्तांत पुण्याला गेला. दर शनिवारी व्हरांड्यात फोन. आधी सर बोलत, मग मी, मग परत सर. मला दोन्हीकडच्या बातम्या न्याव्या लागत. दात काढला. रात्री पोळ्या करत नाहीत, नुसता भात. स्वेटर उतरला. इकडून सर मला विचारत, तेही असं की जणू लॅपटॉपचीच चौकशी आहे, "तिच्याकडे खोलीत हवा येते का, विचारलंस? यंत्राला लागते." मी विचारायची. ती सांगायची, येते, गॅलरी आहे, तुळस लावलीय. मी सरांना सांगायची. ते मान हलवायचे. "मग चांगलं चालत असेल. यंत्र."

मला त्या दोघांचा राग येत नव्हता असं नाही. येत होता. पण शनिवार आला की मी व्हरांड्यात जाऊन उभी राहत असे.

मे महिन्यात माझं मशीन बसलं. ग्वाल्हेरचा मे माणसाला सोसत नाही, तिथे जुन्या लॅपटॉपचं काय. मी स्टीलच्या ताटात बर्फ घालून त्यावर जाळी ठेवायची आणि जाळीवर लॅपटॉप. एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा होता. नवरी लगेच परदेशी जाणार होती आणि तिला आजीबरोबर बसून तो बघायचा होता. आजीला विमानतळावर जाणं झेपणार नव्हतं. आदल्या दुपारी रेंडर अर्ध्यावर आलं आणि पडदा काळा झाला. मग तो उजळलाच नाही. फाइली दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या, पण व्हिडिओ वेळेवर झाला नाही. नवरी गेली. नवरीची आई फोनवर मला काही वाईटसाईट बोलली नाही. "अब क्या बेटा, हो गया," म्हणाली. ते जास्त लागलं. पुढची दोन कामंही गेली.

शनिवारी मी व्हरांड्यात गेले आणि सरांनी फोन लावायच्या आधीच बोलले. "सर, मी उद्या जाऊन कोणताही घेऊन येणार आहे. माझं काम जातंय. तुम्हाला दोघांना बोलायचंय तर बोला ना. माझ्या लॅपटॉपवरून किती दिवस बोलणार?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता ते खण बंद केल्यासारखे बंद होणार. त्यांनी फोन लावला आणि पहिल्यांदाच केस न सांगता माझ्या हातात दिला.

मी तिला जे झालं ते सांगितलं. नवरी, आजी, सगळं. ती या कामातली होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाली, "चूक माझी आहे. पुढच्या रविवारपर्यंत थांबशील? मी येते. मी स्वतः बघून घेऊन देते."

मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या गाडीनं?" मी म्हटलं, ते तुम्ही विचारा. त्यांनी विचारलं नाही.

ती आली आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरली. घरी गेली नाही. आम्ही तिघं लष्करातल्या दुकानातच भेटलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी येऊन एका स्टुलावर बसले होते. ती आत आली. त्यांच्यासारखीच उंच, मान जरा पुढे. "आलीस," ते म्हणाले. "हो," ती म्हणाली. आणि लगेच लॅपटॉपकडे वळली.

काम करताना ती बघण्यासारखी होती. तिनं स्वतःच्या पेन ड्राइव्हमधून एक लांबलचक व्हिडिओ काढला आणि दुकानातल्या तीन मशीनांना एकदम रेंडरला बसवलं. दुकानदार म्हणाला, "मैडम, ऐसे कोई नहीं करता." ती म्हणाली, "इसीलिए कर रही हूँ." रेंडर चालू असताना तिनं कीबोर्डच्या वर तळहात ठेवून प्रत्येकाचा ताप बघितला, पंख्याचा आवाज ऐकला. माझा एक जुना व्हिडिओ लावून नवरीच्या शालूचा लाल रंग तिन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी बघायला लावला. एकावर तो विटकरी दिसत होता. मग मला खेळायला बसवलं. मी त्या दुकानात, सरांसमोर, पहिल्यांदाच माइक चालू करून खेळले. टीममधला जयपूरचा मुलगा म्हणाला, "भाई, ये कौन बोल रही है?" मी म्हटलं, "मैं ही." खेळ थांबला नाही, आम्ही जिंकलो.

मधल्या मशीनवर आमचं जवळजवळ ठरलं. सर स्टुलावरून म्हणाले, "जड आहे ते. तिला टेम्पोनं जायचं असतं."

"बाबा, हिला घरी बसून काम करायचंय."

"बाहेरही जावं लागेल. तिला विचारलंस का?"

ती वळली. फार मोठ्यानं बोलली नाही. "तुम्ही बोलताय, विचारलंस का म्हणून?"

दुकानात एसीचा आवाज होता आणि मशीनांच्या पंख्यांचा.

"सगळ्या दुनियेला विचारता," ती म्हणाली. "गादी कशी, पंखा कुठे, खांदा कोणता. मला एक प्रश्न विचारला नाहीत. मी लग्न मोडलं म्हटलं, तुम्ही चपला घातल्या आणि त्यांच्या घरी माफी मागायला गेलात. परत आलात आणि म्हणालात, मान खाली घालायला लावलीस. का मोडलं, हे आजपर्यंत विचारलं नाहीत."

"लोकांच्या दारात मी उभा होतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. आता चढला. "पत्रिका वाटून झाल्या होत्या. तुझी आई असती तर तिनं काय तोंड दाखवलं असतं? तू सांगायचंस. तूही सांगितलं नाहीस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"तू सांगितलं नाहीस."

दोघं असं बरंच बोलली. मधल्या सगळ्या वर्षांचं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं आजारपण, एकदा दिवाळीला ती स्टेशनपर्यंत येऊन परत गेली होती, तेही निघालं. मी कोपऱ्यात उभी राहून लॅपटॉपच्या पिशव्यांच्या चेनी बघत होते. दुकानदारानं गुपचूप पाण्याचे ग्लास आणून काउंटरवर ठेवले.

मग सर थांबले. स्टुलावरून उठले. दोन रॅकच्या मधल्या अरुंद जागेत ते दोन पावलं चालले, पुढे जागा नव्हती, म्हणून परत फिरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"का मोडलंस?" त्यांनी विचारलं.

तिला ते अपेक्षित नसावं. ती काउंटरला टेकली.

"तो वाईट नव्हता," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, लग्नानंतर हे काम सोडशील ना. मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, बाबा. इतकं सहज म्हणाले की घरी आल्यावर मला माझीच भीती वाटली. वाटलं, मी आणखी कशाकशाला हो म्हणेन."

सर परत स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हे मला कळलं असतं."

"हो," ती म्हणाली. "आता वाटतं, कळलं असतं."

दुकानदार खाकरला. "मैडम, माफ़ करना. मोहल्ले में सब मराठी ही रहे हमारे, तो थोड़ी-थोड़ी समझ आती है. मैं बाहर चला जाऊँ क्या?" सर लाजून लालबुंद झाले आणि ती हसायला लागली. मीही.

ती डोळे पुसून म्हणाली, "घरी खायला काय आहे?"

"सकाळची आमटी आहे. भात लावावा लागेल."

"मग चला."

आणि ते दोघं निघाले. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर माणूस नव्हतं. सरांनी डोक्यावर रुमाल टाकला, ती ओढणी घेऊन त्यांच्या बाजूनं चालायला लागली. मी आणि लॅपटॉप दुकानात राहिलो. त्यांना आमची आठवण राहिली नव्हती. मी मधलं मशीन घेतलं, ते जड होतंच, आणि खोकं मांडीवर घेऊन टेम्पोनं छावणीला आले.

ती पाच दिवस राहिली. पुढे दर दोनतीन महिन्यांनी यायला लागली. मी त्याच वर्षी नोकरी सोडली. पण जुलैतले प्रवेश उरकेपर्यंत होते, म्हणून शेवटचं जे बघितलं ते सांगते. पहिल्या वर्षाचा एक मुलगा मोरेनाहून आला होता. सीनियरांनी त्याला लायब्ररीत पाठवलं होतं. त्यानं हात जोडून विचारलं, सर, लॅपटॉप लेना है, वीडियो एडिटिंग भी करनी है, गेमिंग भी, कौन सा लूँ?

सर पुस्तकाला कव्हर घालत होते. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता उठणार.

"दुकान वाले बता देंगे, बेटा," ते म्हणाले. "अच्छे लोग हैं."

मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. शनिवार नव्हता. त्यांनी उचलला, "बोल," म्हणाले आणि व्हरांड्यात न जाता तिथेच खुर्चीवर बसून बोलायला लागले. मुलाला मी बाहेर घेऊन गेले आणि विचारलं, तुझ्या खोलीत पंखा कुठे आहे.